वहिनींचा हात

पहिला फटका पिठाच्या टेम्पोवाल्याला बसला.

त्याचं चुकलं एवढंच, की पोतं त्यानं ओल्या फरशीवर टेकवलं. वहिनी रिकामा पत्र्याचा ट्रे घेऊन मागून येत होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि तोंडातून अक्षर न काढता ट्रे उभा धरून त्याच्या कानावर हाणला. कडेनं कानाची पाळी फाटली. टेम्पोवाला मटकन खाली बसला. कानावरचा हात काढून त्यानं रक्त पाहिलं आणि मारणारा कोण ते शोधत इकडेतिकडे बघू लागला. वहिनी समोरच उभ्या होत्या, ट्रे हातात होता, तरी त्याला त्यांचा संशय आला नाही.

संशय यावा असं कारणही नव्हतं. लग्न होऊन या बेकरीत आल्यापासून वहिनींचा आवाज भट्टीच्या पलीकडे कधी गेला नव्हता. कामगारांनी त्यांचं नाव सायलेन्सर ठेवलं होतं. त्या आत आल्या की शिव्या तोंडातल्या तोंडात राहायच्या, रेडिओ आपोआप बारीक व्हायचा. बेकरी दादांची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, आणि दादांच्या थोरल्या बहिणीची. बहिणीनं लग्न केलं नव्हतं. बाप गेल्यावर गल्ला आणि किल्ल्या तिनंच सांभाळल्या. वहिनी तिला वन्सं म्हणायच्या, अहोजाहो करायच्या.

वन्संची एक खोड होती. भट्टीतून ट्रे बाहेर आला की त्या ब्रेडवर अंगठा दाबायच्या आणि चारचौघांत म्हणायच्या, "कच्चा आहे." कधी खरोखर असायचा, बहुतेक वेळा नसायचा. वहिनी ट्रे उचलायच्या आणि परत आत सरकवायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी ब्र काढला नव्हता.

म्हणून त्या सकाळी टेम्पोवाल्याच्या कानावर फडकं बांधताना भट्टीवाला हळूच म्हणाला, "सायलेन्सर फुटला वाटतं." सगळे हसले. वहिनी नळाखाली ट्रे धुवत होत्या. आपण काय केलं ते त्यांना कळत होतं, पण त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट छातीतलं धडधडणारं इंजिन मिनिटभर सुरळीत चालल्यासारखं वाटलं होतं.

ते इंजिन काही महिन्यांपासून सुरू झालं होतं. पण बेकरीत प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं. घाम येतो? भट्टीपाशी कुणाला येत नाही! वजन उतरलं? नशीबवान आहेस, बायका त्यासाठी पैसे मोजतात. भूक फार लागते? काम करतेस तेवढं. केकवर क्रीमची अक्षरं काढताना हात थरथरायला लागला, तेव्हा दादा म्हणाले, "जरा कमी जागत जा." पण त्या जागत नव्हत्या. झोपच त्यांना घेत नव्हती. अंथरुणावर पडलं की डोक्यात दहा बायका एकाच वेळी बोलायला लागायच्या, आणि दहाही जणी आपल्याविषयीच वाईट बोलताहेत असं वाटायचं.

दुसऱ्यांदा हात उठला तो गिऱ्हाइकावर. नेहमीची बाई होती, चष्मेवाली, बन घ्यायला यायची. "आजकाल बन लहान झालेत हो तुमचे," ती सहज म्हणाली. वहिनींना ते सहज वाटलं नाही. सगळ्या दुकानासमोर कुणीतरी आपल्याला चोर ठरवलं असं वाटलं. तराजूतलं दोन किलोचं वजन त्यांच्या हाताला लागलं आणि त्यांनी ते भिरकावलं. वजन बाईला लागलं नाही. काउंटरच्या काचेतून आत गेलं आणि काच फुटून केकमध्ये, बिस्किटांत, बाईच्या कपाळात घुसली. बाई किंचाळत रस्त्यावर पळाली. वहिनी थांबल्या नाहीत. उरलेली काच त्या मुठीनं फोडत राहिल्या. तळहात चिरला, रक्त कोपरापर्यंत ओघळलं, तरी त्या ठोसे मारतच होत्या. शेवटी दादांनी त्यांना मागून कवळून धरलं. तेव्हा दादांना जाणवलं की हडकुळ्या झालेल्या आपल्या बायकोचं हृदय आपल्या दोन्ही हातांना धडका देतंय.

वन्संनी बाईच्या घरी जाऊन हात जोडले, टाक्यांचे पैसे दिले. परत आल्यावर भावाला म्हणाल्या, "तुझ्या बायकोच्या नाकावर राग बसलाय. आवर तिला."

"ती तशी नाहीये, ताई."

"नव्हती."

नेहमीच्या डॉक्टरांनी वहिनींना एक नजर पाहिलं. वय विचारलं, पाळीचं विचारलं, घरात कटकट आहे का ते विचारलं. "या वयात होतं असं. थोडी विश्रांती घ्या," म्हणाले आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. गळा बघावा असं त्यांच्या मनात आलं नाही. वहिनींनी साडीचा पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला होता. तिथं हल्ली भरल्यासारखं वाटायचं.

झोपेच्या गोळ्यांनी झोप आली नाही. तोल मात्र जायला लागला.

दादांवर ती वेळ एका दुपारी आली. ते जेवून पडले होते आणि त्यांनी पंखा बंद केला, कारण त्यांना थंडी वाजत होती. बाहेर लोक स्वेटर घालून फिरत होते. वहिनी ब्लाउज भिजून पाठीला चिकटलेल्या अवस्थेत इस्त्री करत होत्या. पंख्याची पाती थांबताना त्यांनी पाहिली. अंगाची लाही लाही झाली. हा माणूस मुद्दाम करतोय, याला मला जाळून मारायचंय, असं एकदम लख्ख कळल्यासारखं वाटलं. त्यांनी इस्त्रीची वायर हिसकली आणि तापलेली इस्त्री दादांच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. दादा कॉटवरून खाली कोसळले. वहिनींनी दुसऱ्यांदा इस्त्री उचलली, तेव्हा त्यांनी उशी डोक्यावर धरली आणि लहान मुलासारखे ओरडले, "अगं, मी आहे! मी आहे गं!"

वहिनींनी इस्त्री भिंतीवर फेकली आणि पंखा लावला.

हाडाच्या डॉक्टरांना दादांनी सांगितलं की जिन्यावरून पडलो. डॉक्टरांनी कातडीवरचा इस्त्रीच्या टोकाचा तिकोनी डाग पाहिला. "जिना तापलेला होता का?" त्यांनी विचारलं. दादा हसले. एवढा धिप्पाड माणूस, पिठाचं पोतं एका हातानं उचलणारा, गळ्यात हात बांधून घरी आला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडला.

त्यानंतर वन्संच्या हाताचं झालं.

सकाळचा पहिला माल निघत होता. भट्टीवाल्यानं लोखंडी दार उघडून ट्रे बाहेर ओढला. ब्रेड छान फुगलेले होते, वरून तांबूस. वन्सं गल्ल्यावरून उठून आल्या. त्यांचं मन ठिकाणावर नव्हतं. भावाचं हाड मोडलेलं, काउंटरला काचेऐवजी पुठ्ठा लावलेला. त्यांनी सवयीनं अंगठा दाबला.

"कच्चा आहे. परत टाक."

वहिनींनी तो हात मनगटापाशी धरला.

"कच्चा आहे?" त्या म्हणाल्या. आवाज चिरका निघाला, कुणी ओळखला नसता. "कच्चा आहे का गं? मग इथं दाब. इथं दाबून बघ!"

आणि वन्संचा पंजा त्यांनी भट्टीच्या उघड्या दाराला आतल्या बाजूनं लावला, त्यावर आपला हात दाबून धरला. कातडी चरचरली. वन्संच्या घशातून आधी आवाजच फुटला नाही, नुसतं तोंड उघडलं. मग त्या गुरासारख्या ओरडल्या. पण कामगारांना पुढे आठवत राहिली ती किंकाळी नव्हे. त्यांना आठवत राहिलं ते वहिनींनी वन्संना अगंतुगं केलं ते.

"माझा बाप मरत होता!" वहिनी ओरडत होत्या. "तो माझं नाव घेत होता. आणि तू म्हणालीस ऑर्डर पुरी कर, उद्या जा! उद्या जा म्हणालीस! मी गेले तेव्हा त्याच्या पायांचे अंगठे बांधलेले होते!"

भट्टीवाल्यानं वहिनींची कंबर धरून त्यांना मागे ओढलं. त्यांनी कोपर मागे मारलं, ते त्याच्या तोंडावर बसलं. पुढचे दोन दात तुटून ओठात घुसले. वन्संचा हात सुटला, पण तळव्याची साल दाराला चिकटून राहिली. दादा गळ्यात हात बांधलेला तसेच पुढे आले. वहिनींनी ब्रेड बाहेर ओढायची लांब दांड्याची फळी उचलली आणि गरकन फिरवली. ती दादांच्या गुडघ्यावर आदळली, उलटी फिरताना वरची ट्यूबलाइट फुटली. काचेचा भुगा ताज्या ब्रेडवर पडला. कुणी जवळ जाईना. वहिनी मध्यभागी उभ्या होत्या, डोळे खोबणीतून बाहेर आल्यासारखे, पापण्या लवत नव्हत्या, छाती भात्यासारखी हलत होती. दिसेल त्याच्यावर त्या फळी उगारत होत्या. मग एकाएकी त्यांच्या मांड्यांतलं बळ गेलं आणि त्या पिठात बसल्या. उठायला गेल्या तर उठता येईना. तशाच बसल्या बसल्या त्या फळी जमिनीवर आपटत राहिल्या, पोलीस येईपर्यंत.

वन्संनी दवाखान्यात जबाब दिला. हात बँडेजमध्ये कोपरापर्यंत गुंडाळलेला होता. त्यांनी काही वाढवलं नाही, काही कमीही केलं नाही. तिनं माझा हात धरून भट्टीच्या दारावर दाबला, एवढं सांगितलं. ती काय ओरडत होती असं विचारल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "नीट ऐकू आलं नाही."

पोलीस चौकीत वहिनींनी कपाळ गजांवर आपटून फोडून घेतलं, म्हणून त्यांना मनोरुग्णालयात हलवलं. तिथं त्यांनी एका आयाच्या दंडाचा असा चावा घेतला की टाके घालावे लागले. चौघांनी मिळून त्यांना कॉटला बांधलं आणि इंजेक्शन दिलं. अंगात तापही होता. पट्ट्यांखाली मनगटं सोलून निघाली तेव्हा कुठे त्या शांत झाल्या. शांत म्हणजे झोपल्या.

त्या झोपलेल्या असतानाच वॉर्डातली डॉक्टर राउंडला आली. मनगटाची जखम बघायला म्हणून तिनं हात उचलला आणि तशीच उभी राहिली. बोटांखाली नाडी पळत होती. पट्ट्यांशी झुंजताना जशी पळावी तशी, गाढ झोपेत. डॉक्टरनं वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे पूर्ण मिटलेले नव्हते. पापण्यांच्या फटीतून पांढरं दिसत होतं. तिनं पदर बाजूला केला आणि गळ्यावर बोटं टेकवली. दोन्ही बाजूंना मऊ सूज होती, आणि त्या सुजेतही रक्ताची थरथर लागत होती.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर तिनं दादांना बोलावून घेतलं.

"यांचा थायरॉइड फार वाढलाय," ती म्हणाली. "गळ्यात एक छोटी ग्रंथी असते. शरीरानं किती वेगानं चालायचं ते तिच्या रसावर ठरतं. हृदय, पोट, घाम, सगळं. आणि मेंदूही त्यातून सुटत नाही. यांच्या रक्तात तो रस कितीतरी पट झालाय. मेंदू सारखा घंटा वाजवतोय, की धोका आहे, धोका आहे. झोप नाही, विसावा नाही. आणि जो भाग एरवी म्हणतो की थांब, जाऊ दे, त्याला बोलायला सवडच मिळत नाही."

"म्हणजे ही वेडी नाहीये?"

"औषधानं उतरेल हे. धडधड आणि थरथर लवकर कमी होईल. बाकी डोकं ठिकाणावर यायला काही आठवडे लागतील."

दादांनी गळ्यात बांधलेला हात सावरला. मग म्हणाले, "या आजारात सगळेच मारतात का हो माणसांना?"

"नाही. बहुतेकांची चिडचिड होते, रडू येतं, जीव घाबरा होतो. हात उठेपर्यंत फार थोड्यांचं जातं."

"मग हिचाच का?"

"ते मला रिपोर्टमध्ये दिसत नाही," डॉक्टर म्हणाली.

औषधानं आधी हात थांबला. पाण्याचा पेला न सांडता तोंडापर्यंत जायला लागला. मग झोप आली. वहिनी इतकं झोपल्या की दादा नाकासमोर बोट धरून बघायचे. डोक्यातल्या बायका एकेक करून गप्प झाल्या. आणि मग सगळं आठवायला लागलं. काहीच पुसलं गेलं नव्हतं. इस्त्री उचलताना तिचं वजन किती वाटलं, काच मुठीखाली कशी गेली, वन्संच्या बोटांची हाडं आपल्या पंजाखाली कशी वळवळली, सगळं. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, "तुला कुठं शुद्ध होती?" वहिनी मान डोलवायच्या. शुद्ध होती, हे कुणाला सांगणार?

घरी आल्यावर काही दिवस औषध जास्त झालं आणि गाडी उलट्या बाजूला कलंडली. आता त्यांना पांघरुणातही थंडी वाजायची. चेहरा सुजला. ओळखीचे शब्द जिभेवर येईनात. "ते... ज्यानं पीठ चाळतात ते," असं म्हणून त्या चाळणीकडे बघत राहायच्या आणि डोळे भरून यायचे. डॉक्टरनं गोळी कमी केली. हळूहळू शब्द परत आले.

या सगळ्या दिवसांत वन्सं वर आल्या नव्हत्या. घर बेकरीच्या डोक्यावर होतं, वन्सं खाली मागच्या खोलीत झोपायला लागल्या होत्या. मग एक दिवस चौकीतून विचारणा झाली की तक्रार चालू ठेवायची की कसं. डॉक्टरचं पत्र जोडलंय, तुम्ही मागे घेतलीत तर प्रकरण लवकर मिटेल. त्या संध्याकाळी वन्सं जिना चढून आल्या. दादा उठून उभे राहिले.

"तू खाली जा," वन्सं त्यांना म्हणाल्या. "गल्ल्यावर कुणी नाहीये."

दोघीच राहिल्या. वहिनी कॉटवर होत्या, वन्सं दारालगतच्या खुर्चीत बसल्या, जिना जवळ राहील अशा. उजवा पंजा मांडीवर उताणा पडला होता. कातडी गुलाबी, चकचकीत, बोटं अर्धवट मुडपलेली. ती सरळ होत नव्हती.

"मला एक विचारायचंय," वन्सं म्हणाल्या. "खरं सांगायचं. डॉक्टर म्हणते, थायरॉइडनं झालं. तुझा नवरा म्हणतो, थायरॉइडनं झालं. तू त्या दिवशी जे बोललीस, तेही थायरॉइडनंच का?"

हो म्हणणं सोपं होतं. सगळ्यांनी ते उत्तर वहिनींच्या हातात आणून ठेवलं होतं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "हात कसा धरला, का सोडवेना, ते मला सांगता येणार नाही. तो आजारच होता. पण बोलले ते माझं होतं. ते आधीपासून होतं."

वन्संनी मान खाली घातली.

"मला वाटलं होतं, तू विसरलीस."

"तुम्ही विसरला होतात?"

"नाही." वन्संनी भाजलेला पंजा पदरात घेतला. "तू परत आलीस, एप्रन बांधलास, कामाला लागलीस. काही बोलली असतीस तर मी काहीतरी म्हटलं असतं. तू बोलली नाहीस. मग मी रोज येऊन अंगठा दाबायचे. वाटायचं, आज तरी ही उलटून बोलेल."

वहिनी उठल्या. वन्संचं अंग आक्रसलं, खुर्ची मागे सरकली, डावा हात आपोआप चेहऱ्यासमोर आला. वहिनी जागच्या जागी थांबल्या. मग जमिनीवर बसल्या, लांबच.

"वन्सं, तुमचा हात मी जाळला. आजार असला तरी हात माझाच होता. मला माफ करा असं म्हणायला तोंड नाही माझं."

"म्हण तरी," वन्सं म्हणाल्या.

वहिनींनी म्हटलं. वन्सं रडल्या, पण त्यांना जवळ येऊ दिलं नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून वळून त्या म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचं... मी तेव्हा फक्त दुकान बघत होते. माणूस दिसला नाही मला. ते चुकलं." आणि कठडा डाव्या हातानं धरून सावकाश खाली गेल्या.

तक्रार त्यांनी मागे घेतली, लगेच नाही, बऱ्याच दिवसांनी. चष्मेवाली बाई पुन्हा दुकानात आली नाही. भट्टीवाल्याचे दात बसवून दिले. वहिनी कामावर परतल्या तेव्हा दादांनी न सांगता त्यांना भट्टीपासून लांब, क्रीमच्या टेबलाशी उभं केलं. गोळी रोज घ्यायची, रक्त वेळोवेळी तपासायचं. सगळे त्यांच्याशी फार जपून बोलत. ट्रे ठेवायचा आवाज झाला तरी चार डोकी वळत. वहिनी हे सगळं बघत होत्या.

असेच महिने गेले. एकदा दादांनी कुणालाही न विचारता स्वस्तातल्या तुपाचे डबे आणले. वहिनींनी डबा उघडला, बोट बुडवून चाखलं आणि थुंकल्या.

"अहो, हे काय आणलंय? खवट आहे हे! हे घालून केक करायचे मी? लोकांच्या घरात पोरं खातात आपला माल!"

आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. कामगार हातातलं काम टाकून मागे सरकले. भट्टीवाल्यानं तोंडावर हात धरला. कुणीतरी टेबलावरची सुरी हळूच उचलून पाठीमागे लपवली. दादा दोन्ही तळवे पुढे करून, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "अगं, हो, हो. आधी सांग, सकाळची गोळी घेतलीस ना?"

दोन्ही हात वहिनींनी टेबलावर पसरून ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. इथून पुढे आपण रागावलो की लोक आपलं ऐकणार नाहीत, फक्त आपली गोळी मोजतील, एवढं त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या हताश झाल्या.

गल्ल्यावरून वन्सं उठल्या. येताना त्यांची पावलं जरा अडखळली, भीती त्यांनाही होतीच. तरी त्या टेबलापर्यंत आल्या आणि वहिनींच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"गोळीचं नंतर विचार," त्या भावाला म्हणाल्या. "ती काय म्हणतेय ते ऐक आधी. तूप खवट आहे की नाही?"

दादांनी डबा नाकाशी नेला. नाक मुरडलं. "आहे जरा," ते पुटपुटले.

"जरा नाही," वहिनी म्हणाल्या. "पुरतं आहे. आत्ताच्या आत्ता परत पाठवा, आणि पुन्हा मला न विचारता तूप आणायचं नाही."

"बरं," दादा म्हणाले, आणि डबे उचलायला वाकले.